कळस गावाचा, काळजी कुणाची?

१६७४ हे साल मराठी वाचकाला समजावून सांगावे लागत नाही. त्या वर्षी जून महिन्यात रायगडावर शिवाजी महाराजांना राज्याभिषेक झाला. त्यानंतर दोन महिनेही पुरते उलटले नसतील, तोच ज्याला आपण सवयीने हॉलंड म्हणतो त्या देशातल्या उट्रेख्त नावाच्या जुन्या शहरावर एक भयंकर वादळ आले. शहराच्या मध्यभागी तिथले मुख्य चर्च होते. पश्चिमेला मनोरा, पूर्वेला गाभाऱ्यासारखा भाग आणि दोहोंना जोडणारा लांबलचक सभामंडप. बांधकाम चालू असताना पैसे संपले होते, म्हणून या मधल्या मंडपाला हवे तसे दगडी आधार दिले गेलेच नव्हते. वादळाने नेमका तोच भाग पाडला. मनोरा आणि गाभारा मात्र उभे राहिले, एकमेकांपासून तुटून. पडलेल्या दगडांचा राडारोडा पुढे दीडशे वर्षे तिथेच पडून होता. तो उचलल्यावर जो चौक मोकळा झाला, तो आजही मोकळा आहे. पडलेल्या मंडपाच्या भिंती कुठे होत्या हे दाखवण्यासाठी तिथल्या फरसबंदीत वेगळ्या दगडांची रेघ आखून ठेवली आहे.

ती रेघ मी २०२२ च्या उन्हाळ्यात पाहिली. मुलगी आणि जावई नोकरीनिमित्त तिकडे असतात, त्यामुळे माझ्यासारख्या निवृत्त बँक अधिकाऱ्याला हा प्रवास घडला. मनोऱ्याची उंची ११२ मीटर. सोलापूरकरांना अंदाज यावा म्हणून सांगतो, विजापूरचा गोलघुमट ५१ मीटर उंच आहे. एकावर एक असे दोन गोलघुमट रचले तरी हा मनोरा त्यांच्यावरून डोकावेल. पण मी गेलो तेव्हा तो दिसलाच नाही म्हणायला हरकत नाही. पायापासून शेंड्यापर्यंत लोखंडी परांचीत तो गुंडाळलेला होता. २०१९ साली दुरुस्ती सुरू झाली होती आणि ती संपायला २०२४ उजाडले. पाच वर्षे! बँकेत तीस-बत्तीस वर्षे काढलेल्या माणसाच्या तोंडून पहिला प्रश्न काय निघणार? मी जावईबापूंना विचारले, "याचे पैसे कोण देते? चर्च?"

उत्तर ऐकून मी चाट पडलो. मनोऱ्याचा मालक चर्च नाहीच. मालक आहे नगरपालिका.

याची हकीकत मोठी रंजक आहे. १७९८ साली त्या देशात नवी राज्यघटना आली, तेव्हा एक व्यवहारी निर्णय झाला. चर्चची इमारत भक्तमंडळींची, पण मनोरा गावाचा. कारण मनोऱ्यावरच्या घड्याळात सारे गाव वेळ पाहते. आग लागली, शत्रू आला की त्याचीच घंटा वाजते आणि ती ऐकून धावणारा माणूस कोणत्या पंथाचा आहे हे कोणी विचारत नाही. ज्याचा उपयोग सगळ्यांना, त्याचा खर्चही सगळ्यांचा, इतका साधा हिशेब. त्या देशात कॅथलिक आणि प्रोटेस्टंट यांच्यात रक्त सांडण्याइतके वैर होऊन गेले होते. १५६६ साली लोकांनीच चर्चमध्ये घुसून संतांच्या मूर्ती फोडल्या. उट्रेख्तच्या या चर्चमध्ये चेहरे छिनून काढलेल्या दगडी मूर्ती आजही तशाच्या तशा जपलेल्या दिसतात. एवढे होऊनही मनोऱ्याच्या बाबतीत त्यांनी सामंजस्याने वागायचे ठरवले.

परत येताना विमानात माझ्या डोक्यात एकच विचार घोळत होता. आमच्या वेळापूरचे काय?

वेळापूर म्हटले की वारकऱ्याला धावा आठवतो. ज्ञानोबा माउलींची पालखी माळशिरसहून निघते, खुडूस फाट्यावर रिंगण होते आणि वेळापूरच्या अलीकडच्या उंचवट्यावर आली की दिंड्या एकदम धावत सुटतात. सत्तरीची म्हातारी डोक्यावरचे तुळशीवृंदावन सावरत धावते. कारण विचारा, कोणीही सांगेल: याच ठिकाणी तुकोबारायांना पंढरीच्या मंदिराचा कळस दिसला आणि ते धावत निघाले. पंढरपूर येथून अजून तीसेक किलोमीटरवर आहे. इतक्या दुरून कळस डोळ्यांना दिसतो का, हा भूगोलाचा प्रश्न झाला. लाखो माणसे तो दिसला असे मानून धावतात, हा इतिहास आहे. उट्रेख्तच्या सपाट मुलखात पायी येणाऱ्या वाटसरूलाही शहराआधी मनोराच दिसत असणार. उंच बांधण्यामागे माणसाची ओढ सगळीकडे सारखीच असते. दमलेल्या माणसाला लांबून कळावे की आता आलेच.

पण ज्या गावात हा धावा होतो, त्या गावात स्वतःचे असे काय आहे, हे त्या लाखांतल्या किती जणांना ठाऊक असते? पालखीचा एक मुक्काम होतो आणि पहाटे गाव मागे पडते. गावात अर्धनारी नटेश्वराचे यादवकालीन देऊळ आहे. काळ्या दगडाचे, आपण ज्याला हेमाडपंती म्हणतो त्या धाटणीचे. समोर पायऱ्यांचे कुंड आहे. गाभाऱ्यात नेहमीसारखे नुसते लिंग नाही. देवाचे नाव अर्धनारी नटेश्वर असले तरी मूर्ती अर्धे अंग पुरुषाचे आणि अर्धे स्त्रीचे अशीही नाही. शेजारी शेजारी बसलेले शंकर-पार्वती आहेत. हर आणि गौरी. चैत्रात यात्रा भरते आणि देवाचे लग्न लागते. घरच्या लग्नासारखी हळद लागते, गाव वऱ्हाडी होते. आवारात वीरगळ आहेत. वीरगळ वाचायचा खालून वर. तळाच्या चौकटीत लढाईत पडलेला वीर, मधे त्याला स्वर्गात नेणाऱ्या अप्सरा, वर शिवलिंगाची पूजा करणारा तोच वीर. या सगळ्यांहून मोलाची गोष्ट म्हणजे इथले मराठी शिलालेख. इसवी सन १३०० च्या आसपासचे, देवगिरीच्या रामचंद्रदेव यादवाच्या राजवटीतले.

जरा तारखा शेजारी शेजारी मांडू या. जमा-नावे शेजारी मांडल्याशिवाय मला काही दिसत नाही, जुनी सवय. १२९६ साली अल्लाउद्दीन खिलजीने देवगिरी लुटली. रामदेवराव मांडलिक झाला. त्यानंतरही माणदेशाच्या या कडेला कोणीतरी दगडावर मराठीत अक्षरे कोरवून घेत होते. ज्ञानेश्वरी होऊन तेव्हा पुरती दोन दशकेही झाली नव्हती. उट्रेख्तच्या मनोऱ्याचा पाया घातला गेला १३२१ साली आणि तो पुरा झाला १३८२ साली. म्हणजे ज्या मनोऱ्यासाठी एक श्रीमंत शहर पाच वर्षे परांची बांधून बसले, त्याच्याहून आमचे वेळापूरचे शिलालेख जुने. आता सांगा, आपल्यापैकी कितीजणांनी ते शोधून, थांबून पाहिले आहेत?

यावर एक उत्तर लगेच येते आणि ते खोडून काढण्यासारखे नाही. लोक म्हणतात, "त्यांची चर्चे रिकामी पडली, म्हणून ते दगड जपतात. आमचा देव जागता आहे. आम्हाला संग्रहालय नको." यात तथ्य आहे. त्या देशात मास्त्रिख्त नावाच्या गावात डॉमिनिकन साधूंचे तेराव्या शतकातले चर्च आहे. त्याचा विधी १२९४ साली झाला, म्हणजे तेही आपल्या रामदेवरावाच्याच काळातले. मधल्या काळात तिथे सायकली ठेवत असत आणि २००६ पासून तिथे पुस्तकांचे दुकान आहे. कादंबरीकार म्हणून मला पुस्तकांच्या दुकानाचे वाईट वाटायचे कारण नाही. पण जिथे प्रार्थना व्हायची तिथे पैसे मोजायचे यंत्र टिकटिकते, हे पाहून माझ्यातला वारकऱ्याचा नातू जरा हिरमुसतो. आपली देवळे भरलेली आहेत, काकडआरतीला माणसे आहेत, पोरे आवारात खेळतात, हे आपले भाग्यच. इमारत वापरात असली की ती टिकते, हा जगभरचा अनुभव आहे.

त्याचा उलटा पुरावा आपल्या कोकणात आहे. वेंगुर्ल्याला डचांची वखार आहे. याच हॉलंडचे व्यापारी १६३७ च्या सुमारास विजापूरच्या आदिलशाहीच्या मुलखात तिथे येऊन बसले. वखारीला ना पुजारी, ना यात्रा, ना वारस. संरक्षित स्मारक म्हणून तिची नोंद झाली, पण नोंदीने छप्पर होत नाही. भिंती ढासळत गेल्या, झाडांची मुळे आत शिरली. जुन्या गोव्यात सेंट ऑगस्टिन चर्चचा मनोरा पाहा. साधूंना घालवून दिल्यावर इमारत ओस पडली, १८४२ साली छताची कमान कोसळली, १९३१ साली दर्शनी भाग आणि अर्धा मनोरा गेला. आज उरला आहे तो अर्धा मनोरा, ४६ मीटर उंचीचा. पर्यटक त्याच्यापुढे उभे राहून छायाचित्रे काढतात. माणूस गेला की वास्तू जाते, ती अशी.

पण माणूस असूनही वास्तू जाते, हे आपल्याकडचे दुखणे वेगळे आहे. त्याबद्दल आपण बोलत नाही, कारण ते भक्तीच्या नावाने होते.

पंढरपूरच्या मंदिरातला चौऱ्याऐंशीचा शिलालेख घ्या. शके ११९५ ते ११९९, म्हणजे इसवी सन १२७३ ते १२७७ या काळात विठ्ठलाच्या देवळासाठी कोणी काय दिले याची ती नोंद. रामचंद्रदेवाचे नाव त्यात आहे, हेमाद्री पंडिताचे आहे आणि दान देणाऱ्या साध्या माणसांचीही नावे आहेत. माझ्या भाषेत सांगायचे तर ती दगडावर लिहिलेली देणगीची खतावणी. पण पुढे समजूत पसरली की या शिळेला पाठ घासली की चौऱ्याऐंशी लक्ष योनींचा फेरा चुकतो. शतकानुशतके लोकांनी पाठी घासल्या आणि अक्षरे झिजली. कोणाचा हेतू वाईट होता? मुळीच नाही. उलट प्रत्येकजण मोक्षाच्या ओढीने आला होता. पण ज्या भक्तांनी सातशे वर्षांपूर्वी देवाला दान दिले, त्यांची नावे नंतरच्या भक्तांनी पाठीने पुसली.

तीच गोष्ट आज रंगाच्या डब्याने आणि सिमेंटच्या पोत्याने चालली आहे. काळा दगड आणि चुना हे जुने सोबती. दगडात शिरलेली ओल चुन्याच्या सांध्यातून बाहेर पडते. हेमाडपंती बांधकामात तर पुष्कळदा चुनाही नसतो, दगड दगडावर असा बसवलेला असतो की वजनानेच तो पकडून ठेवला जातो. अशा दगडावर तैलरंग चढवला की ओल आत कोंडते आणि पाचसात वर्षांत कोरीव कामाचे पापुद्रे सुटू लागतात. मग ते लपवायला पुन्हा रंग. सांध्यात सिमेंट भरले की ते चुन्यापेक्षा फार कडक होते, त्यातले क्षार दगडात उतरतात आणि झिजायचा तो सांधा न झिजता दगडच झिजतो. जमिनीवर चकचकीत फरशी घातली की जुनी पाण्याची वाट बुजते आणि पाणी भिंतीत चढते. दरवर्षी रस्त्यावर डांबराचा थर चढतो आणि देऊळ खड्ड्यात गेल्यासारखे होते. यातले प्रत्येक काम कोणीतरी श्रद्धेने, पदरचे पैसे घालून केलेले असते. भिंतीवर देणगीदाराचे नाव असते. दगडाच्या दुखण्याला मात्र नाव नसते.

याहून पुढची पायरी म्हणजे जीर्णोद्धार. एका गावात, नाव सांगत नाही, मी जुन्या ओळखीने गेलो होतो. वेशीतले महादेवाचे देऊळ गेले होते आणि त्या जागी सिमेंटचे, गुलाबी रंगाचे, दुप्पट उंच देऊळ उभे होते. जुने खांब कुठे आहेत म्हणून विचारले, तर एका पोराने ओढ्याकडे बोट दाखवले. ओढ्याच्या काठी नक्षीचे दोन खांब आडवे पडले होते आणि एका तुटक्या शिळेवर बाई धुणे बडवत होती. त्या बाईला मी काय बोलणार? तिला दगड हवा होता, तो तिला मिळाला. ज्यांनी तो ओढ्यावर टाकला ती माणसे गावातली कर्ती, शहाणी माणसे होती.

मराठीत आपण शब्दांचे अर्थ किती बदलून टाकतो पाहा. जीर्णोद्धार म्हणजे जीर्ण झालेल्याचा उद्धार, जे खचले आहे त्याला हात देऊन उभे करणे. अहिल्याबाई होळकरांनी देशभर हे काम केले आणि २०२५ साली त्यांची तीनशेवी जयंती आपण थाटात साजरी केली. त्यांनी पडलेले उभे केले. आपण उभे असलेले पाडतो आणि कोनशिलेवर शब्द तोच वापरतो.

मग पूजा आणि जतन यांचे जमतच नाही का? जमते, आणि त्याचा दाखला वेळापूरहून तीसेक किलोमीटरवर आहे. २०२४ साली पंढरपूरच्या विठ्ठल मंदिरात पुरातत्त्व खात्याच्या देखरेखीखाली जतनाचे काम सुरू झाले. नंतरच्या काळात चढवलेल्या फरश्या, रंगाचे थर काढून मूळ दगड मोकळा करायचे ठरले. मार्चच्या मध्यापासून जूनच्या सुरुवातीपर्यंत पदस्पर्श दर्शन बंद राहिले. वारकऱ्याला हे किती जड गेले असेल ते सांगायला नको. पण लोकांनी ते सोसले, लांबून मुखदर्शन घेतले. मे महिन्याच्या अखेरीस काम चालू असताना एक तळघर सापडले आणि त्यातून जुन्या मूर्ती निघाल्या. मूळ दगडी रूपातले मंदिर पाहून आलेली माणसे मला सांगत होती, "देऊळ म्हातारे दिसायच्या ऐवजी तरुण दिसायला लागले." ज्या वारकऱ्याला आपण अडाणी, हट्टी समजतो, त्याला नीट समजावून सांगितले तर तो अडीच महिने पायावर डोके ठेवायचे थांबतो. तेव्हा भक्तांना दोष देऊन चालणार नाही. त्यांना सांगणारे कोणी नव्हते, एवढेच.

कायद्यांची आपल्याकडे वाण नाही. लॉर्ड कर्झनच्या काळात १९०४ चा कायदा झाला, स्वातंत्र्यानंतर १९५८ चा केंद्राचा, १९६० चा महाराष्ट्राचा. २०१० च्या दुरुस्तीने केंद्राच्या संरक्षित स्मारकाभोवती शंभर मीटरपर्यंत बांधकामाला बंदी आली. पण कायद्याने एक विचित्र परिणामही झाला आहे. देवळाशेजारी ज्याचे घर आहे त्याला पडवी वाढवायची तर अडचण, संडास बांधायचा तर अडचण. त्याच्या लेखी स्मारक म्हणजे कटकट. शिवाय निळी पाटी लागली की गावाला वाटते, आता हे सरकारचे झाले, आपला संबंध संपला. आणि ज्या देवळांना पाटी नाही, ती आपल्या खेड्यापाड्यांत संख्येने कितीतरी जास्त. त्यांना ना सरकार, ना नियम. तिथे ज्याच्या हातात वर्गणी, त्याच्या हातात छिन्नी.

म्हणून मला त्या हॉलंडच्या आणखी एका गोष्टीचे अप्रूप वाटले. मनोऱ्याएवढी ती उंच नाही, छायाचित्रात येणारी नाही. १९७३ साली तिकडे 'स्मारक पहारा' म्हणता येईल अशी एक संस्था निघाली. काम अगदी साधे. जुन्या वास्तूचा मालक थोडी वर्गणी भरतो. वर्षातून एकदा दोन जाणकार कारागीर गाडीत शिडी, दोर, हत्यारे घालून येतात. छपरावर चढतात, पन्हळी साफ करतात, सरकलेले कौल बसवतात, लहानसहान भोक तिथल्या तिथे बुजवतात आणि मालकाच्या हातात अहवाल ठेवतात: हे ठीक आहे, हे यंदा करा, हे पाच वर्षांनी केले तरी चालेल. दंड नाही, सक्ती नाही, भाषण नाही. तुंबलेली पन्हळ आज साफ केली तर उद्याची भिंत वाचते, एवढेच तत्त्व.

हे मला पटकन कळले, कारण बँकेत आम्ही दुसरे काय करत होतो? कर्ज दिले की वर्षातून एकदा जाऊन पाहायचे. विहिरीला पाणी आहे का, इंजिन चालू आहे का, म्हैस गोठ्यात आहे की बाजारात. ज्या शाखेत पाहणी नियमित, तिथली कर्जे सहसा बुडत नसत. बुडीत कर्जाची सुरुवात नेहमी न केलेल्या पाहणीत असते. बँकेच्या हिशेबात इमारतीवर दरवर्षी घसारा काढतात, म्हणजे जुनी होईल तशी तिची किंमत कमी धरतात. जुने देऊळ ही माझ्या माहितीतली एकमेव इमारत आहे, जिची किंमत वयाबरोबर वाढते. पण पाहणी केली तरच.

आपल्याकडे हे अवघड आहे का? माझ्या मते सरकारची वाट न पाहता एक तालुका हे करून दाखवू शकतो, आणि तो माळशिरस असावा असे मला वाटते. प्रत्येक ग्रामपंचायतीने एक वही करावी. गावात जुनी देवळे किती, बारवा किती, वीरगळ आणि सतीशिळा किती, शिलालेख कुठे, मशिदीचा जुना दरवाजा, वाड्याची वेस, सगळे मोजून लिहावे आणि प्रत्येकाचे छायाचित्र चिकटवावे. शाळेच्या मुलांकडून हे काम आठ दिवसांत होते आणि मोजलेली वस्तू सहजी ओढ्यावर जात नाही. मग दरवर्षी मृग लागण्यापूर्वी एक दिवस ठरवावा. छपरावरचे पिंपळाचे रोप अंगठ्याएवढे आहे तोवर काढावे, मनगटाएवढे झाले की जाणकाराला विचारल्याशिवाय हात लावू नये, कारण मुळाबरोबर दगड येतो. पाण्याची वाट मोकळी करावी. देवळाला रंग, सिमेंट, फरशी यांपैकी काहीही लावायचे असेल तर ग्रामसभेत आधी चर्चा व्हावी. ज्या वास्तूला निळी पाटी आहे तिथे गावाने स्वतः काही करू नये, पण काय बिघडले ते लिहून कळवावे आणि त्याची पोच जपून ठेवावी. जाती, पाटे, वरवंटे घडवणारे हात अजून आपल्या जिल्ह्यात आहेत. त्यांतल्या चार तरुणांना चुन्याचे आणि दगडाचे शास्त्रशुद्ध काम शिकवले तर तालुक्याचा पहारा तयार होईल आणि त्यांच्या घरची चूलही पेटेल.

राहिला प्रश्न पैशाचा. यात्रेच्या वर्गणीतला लहानसा हिस्सा पुरेल. देणगीदारांना नाव हवे असते आणि त्यात गैर काही नाही. चौऱ्याऐंशीच्या लेखातल्या मंडळींनाही ते हवे होतेच. फक्त फरशीवर नाव घालण्याऐवजी वहीत घालावे: अमक्यांनी यंदा कुंडातला गाळ काढला, तमक्यांनी छताची गळती थांबवली. शंभर वर्षांनी ती वही वाचणाऱ्याला आपल्याबद्दल बरे वाटेल.

आळंदी ते पंढरपूर पालखी मार्गाच्या रुंदीकरणाचे भूमिपूजन २०२१ च्या नोव्हेंबरात झाले. रस्ता मोठा होतो आहे, पायी चालणाऱ्यांना वेगळी वाट मिळते आहे, हे चांगलेच आहे. पण रस्ता मोठा झाला की गावे लहान होतात. गाड्या वेळापूर न बघता वेळापूरवरून जातील. तेव्हा गावापाशी थांबायला सांगणारे जे काही असेल ते हे देऊळ, हे कुंड आणि दगडावरची ती सातशे वर्षांपूर्वीची मराठी. सरकार कोणतेही येवो, ट्रस्टमध्ये कोणीही असो, देव ज्याचा त्याचा असो. दगड गावाचा आहे.

येत्या ज्येष्ठात, पाऊस पडण्याआधी, आपल्या गावच्या जुन्या देवळाला एक प्रदक्षिणा जरा सावकाश घाला. हात जोडून झाले की मान वर करून छताकडे पाहा. सांध्यातून एखादे हिरवे पान डोकावत असेल, तर घरी जाऊन शिडी आणा.